हँडब्रेकचा पिवळा दिवा आणि गॅरेजचं एस्टिमेट

इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकचा पिवळा दिवा लागला की सर्व्हिस सेंटरचं पहिलं एस्टिमेट बहुधा पाच आकडी येतं. मागचा कॅलिपर गेलाय, एक बदलायचा तर दोन्ही बदललेले बरे, मॉड्यूलचं नंतर बघू. गाडीचा मालक ब्रेकचा विषय म्हणून घाबरतो आणि सही करतो. खरं तर याच दिव्यामागे कधी थकलेली बॅटरी असते, कधी चहा सांडलेलं बटण, कधी मागच्या चाकाजवळ गंजलेला वायरचा कपलर. यातली प्रत्येक गोष्ट सहसा कॅलिपरपेक्षा बरीच स्वस्त पडते. तपासणी स्वस्त कारणापासून महाग कारणाकडे नेली तर खर्च आटोक्यात राहतो. उलट दिशेने नेली तर जुना कॅलिपर भंगारात जातो, नवा बसतो आणि दिवा तसाच लागलेला राहतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये २००१ साली आलेला हा प्रकार आपल्याकडे बरीच वर्षं महागड्या गाड्यांपुरता होता. २०१७ च्या जीप कंपासमध्ये तो आला, २०२० च्या ह्युंदाई क्रेटाच्या वरच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये आला, नंतर एक्सयूव्ही ७००, इनोव्हा हायक्रॉस अशा घरोघरी दिसणाऱ्या गाड्यांत पोचला. त्यातल्या सुरुवातीच्या गाड्यांची वॉरंटी आता संपली आहे किंवा संपत आली आहे. म्हणून हा खर्च आता मालकाच्या खिशावर येऊ लागला आहे.

काही जुन्या गाड्यांत एकच मोटर मधोमध बसवलेली असते आणि ती दोन केबल ओढते. आजच्या बहुतेक गाड्यांत मात्र मागच्या प्रत्येक कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणाऱ्या भागाच्या, पाठीवर एक छोटी मोटर असते. बटण ओढलं की संगणक मोटरला करंट देतो, गिअर फिरतात, पिस्टनच्या आतला स्क्रू पुढे सरकतो आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. करंट ठरलेल्या मर्यादेपर्यंत चढला की पकड पुरेशी झाली असं धरून मोटर थांबते. त्यानंतर ब्रेक धरून ठेवायला विजेची गरज नसते, स्क्रूच तो धरून ठेवतो. बॅटरी पूर्ण उतरली तरी गाडी उतारावरून घसरत नाही, पण तीच उतरलेली बॅटरी ब्रेक सोडवू मात्र शकत नाही.

दिव्यांचे अर्थ गाडीच्या पुस्तिकेत पाहा. सर्वसाधारणपणे स्थिर लाल दिवा म्हणजे ब्रेक लागलेला आहे. लाल दिवा लुकलुकत असेल तर ब्रेक पूर्ण लागला किंवा सुटला नाही. पिवळा दिवा यंत्रणेतला बिघाड सांगतो. हँडब्रेकच्या जोडीला एबीएसचा आणि ट्रॅक्शनचाही दिवा लागला असेल, तर संशय आधी चाकाच्या स्पीड सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर घ्या. अनेक गाड्यांत हँडब्रेकचा कारभार ईएससीच्या, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या, संगणकाकडेच असतो, त्यामुळे एका सेन्सरचं दुखणं तीन दिव्यांनी कळतं.

काही तक्रारी मुळात बिघाडाच्या नसतातच. सीटबेल्ट लावला नसेल किंवा दार नीट लागलं नसेल, तर बऱ्याच गाड्या ॲक्सिलरेटर दाबल्यावर ब्रेक आपोआप सोडत नाहीत. बटणाने सोडायचा तर पाय ब्रेक पेडलवर लागतो. पेडलखालचा ब्रेकलाइटचा स्विच बिघडला असेल तर पाय ठेवलाय हेच गाडीला कळत नाही. असं वाटलं तर कोणाला तरी मागे बघायला सांगा, ब्रेकलाइट लागतात का. तो स्विच बहुतेक गाड्यांत हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. पावसाळ्यात धुतलेली गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्क गंजून पॅड तिला चिकटतात, आणि निघताना ‘कट’ असा आवाज येऊन सुटतात. दिवा नसेल तर त्यासाठी गॅरेजला जायची गरज नाही.

घरी काय बघता येतं

पहिली बॅटरी. चार-पाचशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे ती निम्मीच भरलेली आहे. इंजिन सुरू करताना आकडा साडेनऊच्या खाली गडगडत असेल, तर बॅटरी म्हातारी झाली. मोटरला क्षणभर बराच करंट लागतो, तो मिळाला नाही की संगणक बिघाडाची नोंद करून मोकळा होतो. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल आणि दिवा सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच लागत असेल, तर इतर काही बोलण्याआधी बॅटरी तपासून घ्या. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हे वाचावं. त्यांच्याकडे मोठ्या बॅटरीशिवाय १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, आणि हँडब्रेक तिच्यावर चालतो.

दुसरी तपासणी कानाची. सपाट जागी चाकांना दगड किंवा विटा लावा, गिअर पार्किंगमध्ये ठेवा, इंजिन बंद आणि इग्निशन चालू. घरातला कोणी मागच्या चाकाच्या बाजूला उभा राहील, गाडीच्या मागे नव्हे. बटण ओढा, सोडा. दोन्ही बाजूंनी ‘घूंऽऽ’ असा छोटा, सारखा आवाज यायला हवा. एक बाजू गप्प असेल तर त्या बाजूची मोटर, वायर किंवा कपलर. दोन्ही गप्प असतील तर बटण, फ्यूज, बॅटरी किंवा संगणक. एक बाजू नेहमीपेक्षा जास्त वेळ घुरघुरत राहिली आणि पकड येत नसेल, तर आतला गिअर झिजला आहे किंवा पॅड फारच संपले आहेत. एवढी माहिती घेऊन गॅरेजमध्ये गेलात तरी सर्व्हिस ॲडव्हायझरचा सूर बदलतो.

हे करताना चाकाच्या आत हात घालू नका. कित्येक गाड्या इग्निशन बंद होताच ब्रेक आपोआप लावतात आणि ती मोटर बोट ओळखत नाही.

स्कॅनर लावल्यावर काय विचारायचं

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला किंवा ऑनलाइन घेतलेला हजार-दीड हजाराचा ओबीडी स्कॅनर बहुधा इंजिनचे कोड वाचतो. हँडब्रेकचे कोड चॅसिसच्या खात्यात असतात, त्यासाठी सर्व मॉड्यूल वाचणारं यंत्र लागतं. लाँच किंवा ऑटेलचा चांगला स्कॅनर, किंवा फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस. स्कॅनचे साधारण ५०० ते १,५०० रुपये घेतले जातात, आणि ते द्यावेत. फुकट स्कॅनचा खर्च पुढे पार्टमध्ये निघतो. कोड पुसण्याआधी पडद्याचा फोटो मात्र मागून घ्या.

‘डाव्या मोटरच्या सर्किटमध्ये दोष’ असा कोड आला म्हणजे डावी मोटर गेली असं नाही. कोड सर्किट दाखवतो, आणि सर्किटमध्ये फ्यूज आहे, वायर आहे, दोन कपलर आहेत, शेवटी मोटर आहे. यापुढची तपासणी पंधरा-वीस मिनिटांची असते आणि तीच सर्वांत जास्त वेळा टाळली जाते. मोटरचा कपलर काढायचा, त्याच्या पिनांवर मीटर लावायचा आणि कोणाला तरी बटण ओढायला सांगायचं. बारा व्होल्टच्या आसपास दाब क्षणभर आला, सोडताना उलट्या दिशेने आला, तर वायर ठीक आहे आणि मोटर मेली आहे. दाब आलाच नाही तर मोटरला दोष देऊ नका, मागे मागे जात वायर शोधा.

आपल्याकडे वायरच्या बाजूचा दोष वरचेवर सापडतो. मागच्या चाकाजवळची वायर प्रत्येक खड्ड्यात वाकते, तिच्यावर पावसाळाभर चिखल उडतो, कोकणात खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात आणि सोसायटीच्या तळघरात उंदीर तिचं वेष्टण कुरतडतात. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हे काम ८०० ते २,५०० रुपयांत करून देतो. तुटलेली वायर पीळ देऊन टेप गुंडाळून जोडू देऊ नका, पाणी शिरून तोच दिवा परत येतो. सोल्डरिंग आणि हीट श्रिंक नळी लावायला सांगा.

मोटर मेली असं ठरलं तरी कॅलिपर मेला असं होत नाही. बहुतेक रचनांत मोटर कॅलिपरवर दोन स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढली की आतल्या स्पिंडलचं टोक दिसतं. ते योग्य पान्याने हाताने फिरवून बघायचं. सहज फिरलं तर कॅलिपर शाबूत आहे, नवी मोटर आणि नवी रबर रिंग एवढ्यावर काम भागतं. अडकत असेल, गंज दिसत असेल किंवा ब्रेक ऑइल झिरपलेलं असेल, तर मात्र कॅलिपर बदलायलाच हवा. तिथे काटकसर करू नये.

दर काय धरायचे

पुढचे आकडे ढोबळ आहेत. गाव, गाडी आणि पार्ट कुठला घेता यावर ते वरखाली होतात. क्रेटा किंवा एक्सयूव्हीच्या वर्गातली गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे, जर्मन महाग गाड्यांना दुप्पट-तिप्पट धरा.

बॅटरी ५,००० ते ८,००० रुपये. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीला वेगळ्या जातीची लागते, ती ८,००० पासून १८,००० पर्यंत जाते. तिथे साधी बॅटरी बसवून घेऊ नका, वर्षभरात पुन्हा याच दिव्यापाशी याल. बटण २,००० ते ६,०००, लेबर किरकोळ. मागचे पॅड २,००० ते ५,०००. एका बाजूची मोटर बाहेरच्या चांगल्या ब्रँडची ४,००० ते १०,०००. मोटरसकट पूर्ण कॅलिपर १५,००० ते ३५,०००. ईएससीचं मॉड्यूल ४०,००० पासून वर, आणि त्याला कोडिंग वेगळं. मॉड्यूल खरोखर जाणं दुर्मीळ आहे. ज्याने पॉवर आणि अर्थची वायर तपासलेली नाही, त्याच्या तोंडून मॉड्यूलचं नाव ऐकलं तर दुसरीकडे विचारा.

मोटर आणि कॅलिपरमधल्या फरकावरच सगळा खेळ आहे. काही कंपन्या मोटर सुटी विकत नाहीत, पूर्ण कॅलिपरच देतात, म्हणून अधिकृत सेंटरचा ॲडव्हायझर कॅलिपर सांगतो. तो खोटं बोलत नाही, त्याच्या संगणकात दुसरा पार्ट नंबरच नसतो. एकाच तक्रारीची दोन बिलं मांडून पाहू. मोटर ७,००० रुपये, लेबर १,५००, स्कॅन आणि कॅलिब्रेशन १,०००. लेबर-स्कॅनच्या २,५०० वर १८ टक्के जीएसटी ४५०. एकूण ९,९५०. आता कॅलिपर २२,०००, ब्रेक ऑइल ६००, लेबर ३,०००, स्कॅन १,०००, त्या ४,००० वर कर ७२०. एकूण २७,३२०. फरक १७,३७० रुपयांचा. कॅलिपर बदलताना ब्रेकची नळी सोडावी लागते, म्हणून ब्लीडिंग (नळीतली हवा काढणं) आणि ऑइल लागतं. नुसती मोटर बदलली तर नळीला हात लागत नाही. मोटरच्या बिलात ब्लीडिंग लावलेलं दिसलं तर कारण विचारा.

पार्टच्या खोक्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्या आकड्यावर वेगळा जीएसटी चढवलेला दिसला तर बिल तिथेच थांबवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के दर आहे, आधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. जुन्या छापील किमतीचा माल असेल तर नवी किंमत विचारून घ्या. जीएसटी नोंदणी नसलेल्या गॅरेजवाल्याला कर लावताच येत नाही.

पॅड बदलताना होणारा घात

कित्येक चांगल्या मोटरी पॅड बदलणाऱ्याच्या हातून मरतात. जुन्या गाडीत मेकॅनिक सी-क्लॅम्प लावून पिस्टन मागे दाबायचा. इथे तेच केलं तर पिस्टनमागचा स्क्रू पुढे आलेलाच असतो, जोर त्याच्यावर आणि गिअरच्या प्लास्टिकच्या दातांवर जातो. आधी स्कॅनरने गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकावी लागते, म्हणजे मोटर स्वतःच स्क्रू मागे घेते, मग पिस्टन दाबायचा. पॅड बसल्यावर मोडमधून बाहेर काढून कॅलिब्रेशन करायचं. काही गाड्यांत पेडल आणि बटणाच्या ठरावीक क्रमाने स्कॅनरशिवायही हा मोड लागतो, पुस्तिकेत तसं असेल तर ठीक. कोणी मोटरला थेट बॅटरीच्या वायरी लावून स्क्रू मागे घेत असेल तर त्याला थांबवा. संगणकाचा हिशोब चुकतो, आणि मोटर टोकाला जाऊन अडकू शकते.

म्हणून मागचे पॅड टाकायला देताना एकच प्रश्न विचारा: सर्व्हिस मोड कशाने लावणार? उत्तर गोलमाल आलं तर गाडी बाहेर काढा. पॅडसोबत ‘रीसेट चार्ज’ म्हणून ५०० ते १,००० रुपये लावले तर ते रास्त आहेत.

पॅड अगदी तळाला जाईपर्यंत चालवणंही महागात पडतं. पॅड पातळ झाले की स्क्रूला जास्त लांब यावं लागतं, मोटरचा जोर वाढतो, आणि पुढे डिस्कही खरवडली जाते. दर सर्व्हिसला मागच्या पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये जॉबकार्डवर लिहून घ्या. तीनपर्यंत आली की बदला.

रस्त्यात अडकलात तर

ब्रेक सुटत नसेल तर आधी जंपस्टार्ट करून बघा, बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो. इंजिन चालू, सीटबेल्ट लावलेला, पाय ब्रेकवर, मग बटण. तरी सुटला नाही तर जोर करून गाडी पुढे काढू नका, मागची चाकं फरफटतात, टायर आणि डिस्क दोन्ही जातात. टोइंगवाल्याला फोन करताना ‘मागची चाकं लॉक आहेत, फ्लॅटबेडच पाठवा’ असं स्पष्ट सांगा. पुढची चाकं उचलून ओढणारी क्रेन आली तर परत पाठवा. जाणता मेकॅनिक जागेवरच मोटर काढून स्पिंडल हाताने मागे फिरवून चाक मोकळं करू शकतो. ते तात्पुरतं आहे, त्यानंतर गाडी उतारावर उभी करायची नाही. विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर टोइंगचा खर्च त्यात बसतो. दुरुस्तीचा मात्र बसत नाही, कारण झीज आणि यांत्रिक किंवा विजेचा बिघाड साध्या मोटार विम्यातून वगळलेला असतो.

चालत्या गाडीत पायाचा ब्रेक कधी निकामी झालाच तर हँडब्रेकचं बटण ओढून धरून ठेवा. बहुतेक गाड्यांत ईएससी चारही चाकांवर दाब आणून गाडी थांबवते, बटण सोडलं की दाबही सुटतो. घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी बघा. सध्या बहुतेक कंपन्यांची मूळ वॉरंटी ३ वर्षांची आहे, त्यावर वाढीव घेतलेली असेल तर मोटर, बटण, मॉड्यूल त्यात येतात. पॅड येत नाहीत. दुसरं, कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकून रिकॉल आहे का ते तपासा. हँडब्रेकचे रिकॉल झालेले आहेत. होंडाने २०१६ मध्ये अमेरिकेत साडेतीन लाख सिव्हिक गाड्या हँडब्रेकच्या सॉफ्टवेअरसाठी परत बोलावल्या, आणि टेस्लाने २०१७ मध्ये सुमारे ५३,००० गाड्या कॅलिपरमधल्या सदोष गिअरसाठी. रिकॉलच्या दुरुस्तीचे पैसे ग्राहकाने द्यायचे नसतात.

जॉबकार्डवर सही करण्याआधी स्वतःच्या हाताने एवढं लिहा: ‘आधी निदान, कपलरवरच्या व्होल्टेजची नोंद, फोनवर मंजुरीशिवाय पार्ट बदलू नये, जुना पार्ट परत द्यावा.’ जुना पार्ट मागणाऱ्या ग्राहकाचा चांगला पार्ट सहसा बदलला जात नाही. पार्ट न बदलता पैसे घेतले, एमआरपीच्या वर लावले, किंवा दुरुस्तीनंतर तोच दोष आला आणि ऐकून घेत नाहीत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बिल, जॉबकार्ड आणि कोडचा फोटो जपून ठेवा.

आणि जायचं कुठे? वॉरंटीतली गाडी अधिकृत सेंटरलाच न्या, बाहेर हात लावू देऊ नका. वॉरंटी संपली असेल आणि दोष बॅटरी, बटण, वायर किंवा मोटरचा असेल, तर चांगला स्कॅनर आणि मीटर वापरणारा स्वतंत्र गॅरेजवाला सहसा कमी पैशांत तेच काम करेल. कॅलिपर नवाच घ्या, खोक्यातला, पार्ट नंबर जुळवून. भंगारवाल्याकडचा कॅलिपर किती स्वस्त मिळाला तरी गाडीला लावू नका.